बेताच्या आकाराची पाटी

आमच्या ऑफिसात राजीनाम्यांचा मोसम ठरलेला होता. मार्चअखेर उरकायची, बोनस खात्यात पडायचा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकेक ज्युनिअर इस्त्रीचा शर्ट घालून धाकट्या साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळायला लागायचा. एरवी ही मंडळी बोलायला घुटमळत नाहीत, वकीलच ती. साहेब आत जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबून नुसती भुवई उडवायचे आणि मी बोटं दाखवायचो. एका वर्षी एका हाताची बोटं पुरली नाहीत. साहेब म्हणाले, "हे राजीनामे आहेत की हापूसच्या पेट्या?"

मी फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये ३४ वर्षं मॅनेजिंग क्लार्क होतो. फर्मचं नाव सांगत नाही. वकिलांकडे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं तरी कळतं. मॅनेजिंग क्लार्क म्हणजे काय, हे आमच्या घरी शेवटपर्यंत कुणाला नीट उमगलं नाही. सासरे समजायचे जावई वकील आहे. काही वकील समजायचे हा शिपाई आहे. प्रत्यक्षात काम असं की याचिका हायकोर्टातल्या प्रोथोनोटरीच्या ऑफिसात लावायची, त्यांनी काढलेली ऑब्जेक्शनं एकेक करून मिटवायची, मॅटर बोर्डावर आणायचं आणि ते पुकारायच्या बेताला आपले काउन्सेल दुसऱ्या कुठल्या कोर्टात उभे आहेत हे हुडकून त्यांना गाउनसकट ओढून आणायचं. हे वकिली शिक्षणात शिकवत नाहीत. म्हणून तर माझी नोकरी टिकली.

पूर्वी माणूस फर्म सोडायचा तो दोनच ठिकाणी जायचा. एक समोरच्या बिल्डिंगमधल्या फर्ममध्ये, नाहीतर चंदनवाडीच्या स्मशानात. आता विचारावं, कुठे चाललात? तर उत्तर येतं, "स्वतःचं काहीतरी करतोय." आमच्या पिढीत कुणी 'स्वतःचं काहीतरी' म्हटलं की डोळ्यांपुढे वडापावची गाडी किंवा झेरॉक्सचं मशीन यायचं. लाखात पगार घेणारा, काचेच्या केबिनमधला वकील हे शब्द उच्चारील असं वाटलं नव्हतं.

तसं फर्ममध्ये थांबून मिळणार काय होतं, हेही बघायला हवं. जुन्या कंपनी कायद्याप्रमाणे भागीदारीत २० पेक्षा जास्त भागीदार घेता येत नसत. म्हणजे २० खुर्च्या भरल्या की एकविसाव्याने वाट बघायची. कशाची, ते उघड बोलायचं नाही. आमच्याकडचे सीनिअर असोसिएट थोरल्या साहेबांच्या साखरेचे रिपोर्ट त्यांच्या बायकोपेक्षा बारकाईने वाचायचे. २००८ साली एलएलपीचा कायदा आला आणि खुर्च्यांची मर्यादा उठली. पण तोवर वाट बघायची सवय गेलेली होती. शिवाय घरचा व्यवसाय म्हटला की घरच्या भानगडी आल्याच. अमरचंद मंगलदास ही १९१७ सालची नामांकित फर्म, २०१५ साली दोन भावांत तिच्या दोन फर्म झाल्या. देशाच्या कंपन्यांच्या वाटण्या करून देणाऱ्यांच्या घरीही वाटण्या होतात म्हटल्यावर आमच्या गावाकडच्या चुलत्यांना केवढा धीर आला.

पण माझ्या मते या पळापळीचं खरं मूळ टाइमशीट. दिवसाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडायचे, तासाचे दहा. एका तुकड्याला युनिट म्हणायचं. क्लायंटचा फोन आला, एक युनिट. त्याचा ई-मेल वाचला, एक युनिट. वाचून डोकं धरून बसलात तर तेही युनिट, फक्त तिथे 'डोकं धरलं' असं न लिहिता 'विचारविनिमय' लिहायचं. गंमत अशी की ज्या काउन्सेलना आम्ही ब्रीफ द्यायचो ते फी लावणार जी.एम.मध्ये. जी.एम. म्हणजे गोल्ड मोहर. मुंबईत एका मोहरेचे धरतात १५ रुपये. ती मोहर हयात असलेल्या कुणी पाहिलेली नाही, पण ब्रीफच्या पाठीवर आकडा मोहरांतच. म्हणजे काउन्सेल मोहरांच्या काळात, क्लायंट सहा मिनिटांच्या काळात आणि मधे आमचा ज्युनिअर रात्री अकराला भेळ खात.

एकदा फतवा निघाला की क्लार्क मंडळींनीही टाइमशीट भरायचं. मी प्रामाणिकपणे भरलं. 'हायकोर्टाच्या जिन्यात काउन्सेलची वाट पाहिली : ७ युनिटं. काउन्सेल आले : ० युनिटं, कारण थांबले नाहीत. बोर्ड पाहिला : १. मॅटर पोचण्याची वाट पाहिली, पोचलं नाही : ३१.' अकाउंट्समधली मुलगी कागद घेऊन आली. "काका, हा जिना कुठल्या क्लायंटला लावायचा?" मी म्हटलं, "तेव्हा माझ्या काखेत चार क्लायंटचे कागद होते. चौघांत वाटून टाक." दुसऱ्या दिवशी साहेबांनी क्लार्कांना टाइमशीट माफ केलं.

वकिलांना मात्र माफी नव्हती. त्यातलीच एक मॅडम. आमच्याकडे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून लागली, मग सॉलिसिटरची ती खडतर परीक्षा पास झाली, मग असोसिएट झाली. डोंबिवलीहून यायची. एका रात्री साडेनऊला मी कपाटाला कुलूप लावत होतो, तर ही स्क्रीनकडे बघत बसलेली. समोर एका कराराचा आठवा ड्राफ्ट. तिसऱ्यात 'शॅल'चं 'विल' झालं होतं, पाचव्यात 'विल'चं परत 'शॅल', आणि आता क्लायंटच्या अमेरिकेतल्या माणसाला झोपेतून उठल्यावर पुन्हा 'विल' हवंसं वाटलं होतं.

"काका, मी सोडतेय."

"वकिली?"

"नाही हो. नोकरी. वकिली आता सुरू करीन म्हणते."

मी काही बोललो नाही. दहा वाजताची फास्ट चुकू नये म्हणून तिला निघायला सांगितलं, एवढंच.

पुढचा अंक पाटीचा. तिचे वडील बँकेतून निवृत्त. मुलीने स्वतःचं काहीतरी सुरू केलं म्हणताच त्यांनी डोंबिवलीतल्या कारागिराकडे पितळी पाटीची ऑर्डर दिली. दोन फूट बाय दीड फूट. वर नाव, खाली पदव्या, त्याखाली 'माजी असोसिएट' म्हणून आमच्या फर्मचं नाव आणि तळाला 'कंपनी कायदा, करार व सोसायटी प्रकरणांतील तज्ज्ञ'. कारागिराने खाली तराजूही काढून दिला होता, फुकट. मॅडमनी मला फोटो पाठवला आणि लिहिलं, "काका, बाबांना तुम्हीच सांगा."

मी गेलो. बार कौन्सिलचा ३६वा नियम त्यांना समजावून सांगितला. वकिलाने जाहिरात करायची नाही. पाटी बेताच्या आकाराची पाहिजे. अमुक संस्थेशी संबंध होता असं तिच्यावर लिहायचं नाही. अमुक विषयातला तज्ज्ञ आहे असंही लिहायचं नाही. पूर्वी जज्ज होतो हेसुद्धा लिहायचं नाही, मात्र तो प्रश्न सध्या नव्हता. बाबा एकेक ओळ खोडत गेले. शेवटी नाव उरलं.

"अहो, मग लोकांना कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच नियम आहे."

ते खिडकीतून समोर बघत राहिले. समोर क्लासवाल्याचा फ्लेक्स होता, त्यावर ४२ मुलं टक्क्यांसकट हसत होती. मग मी त्यांना जरा दिलासा दिला. २००८ पासून वेबसाइटची मुभा आहे. तिच्यावर नाव, पत्ता, सनदेचा नंबर, पदव्या आणि कुठल्या विषयांत काम करता तेही देता येतं. म्हणजे जे आपल्या दारावर लिहायची चोरी, ते अख्ख्या जगाला सांगता येतं. बाबा म्हणाले, "जगाचं राहू द्या, पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना कळायला हवं होतं." ते दुःख कुठल्याच नियमात बसत नाही. आणि इंटरनेटवरही सगळं आलबेल नाही. मद्रास हायकोर्टाने २०२४ साली वकिलांची यादी देऊन गिऱ्हाइकं जोडणाऱ्या पोर्टलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला बजावलं आहे. प्लंबर शोधावा तसा वकील शोधू नये, असा एकूण सूर. प्लंबर मात्र तासाभरात येतो.

स्वतःचं काहीतरी करणाऱ्यांपुढचा दुसरा डोंगर म्हणजे सनद. सनद असेपर्यंत वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही आणि स्वतः धंदाही करायचा नाही. झोपता भागीदार होता येतं, तेही धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला शोभणारा असेल तर. मुंबईच्या एका शल्यविशारदाने वकिलीची परीक्षा पास होऊन, ऑपरेशनं चालू ठेवून सनद मागितली होती. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९६ साली निकाल लागला की दोन्ही डगरींवर पाय चालणार नाहीत. मला तो निकाल पटलेला आहे. आधीच वकील फी पोटात हात घालून काढतात अशी लोकांची तक्रार असते.

या नियमांतून वाट काढत आमची पोरं कुठे कुठे पोचली ते बघण्यासारखं आहे. एक जण काउन्सेल व्हायला गेला. तो सीनिअरच्या चेंबरमध्ये कोपऱ्यात स्टुलावर बसतो. त्याच्या आई मला फोन करून विचारतात, "त्याला पगार कधीपासून सुरू होईल हो?" मी त्यांना सांगतो की काउन्सेलना पगार नसतो, मोहरा असतात. एकीने स्टार्टअपवाल्यांची कामं धरली. तिचे क्लायंट २३ वर्षांचे आणि फी द्यायच्या ऐवजी कंपनीचे शेअर घ्या म्हणणारे. एक जण करार कसे लिहावेत याचा ऑनलाइन वर्ग चालवतो आणि ज्या फर्मने त्याला करार लिहायला शिकवले तिथलेच ज्युनिअर रात्री कॅमेरा बंद करून त्याच्या वर्गाला बसतात.

पण माझा लाडका म्हणजे तो संगमेश्वरकडचा. मोठ्या कंपन्यांची करारपत्रं आता तो गावच्या घरातून तपासतो. लंडनचे लोक बोलत असतात आणि मागून कोंबडा आरवतो. पहिल्यांदा तिकडून कुणीतरी विचारलं, हा आवाज कसला? याने सांगितलं, आमचे सीनिअर. रेंज फक्त पडवीच्या एका टोकाला येते, म्हणून मोबाइल सुपारीच्या झाडाला बांधलेला. ऑनलाइन सुनावणी असली की पांढरा शर्ट आणि बॅण्ड वर, खाली घरचा लेंगा. वर ज्या फायली बघतो त्यांत शेकडो कोटींचे आकडे, आणि वीज गेली की माझ्यासारख्याला फोन करून "काका, जरा तेवढं मेन्शन करायला सांगा ना कुणाला तरी." त्याची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे, आणि वकिलाला ती चालेल का, ही त्याला धास्ती. मी त्याला ५०वा नियम दाखवला. वकिलाला वारशाने आलेला घरचा धंदा चालू ठेवता येतो, पण त्याच्या कारभारात स्वतः लक्ष घालता येत नाही. तो म्हणाला, "काका, कोकणातल्या निम्म्या बागा याच नियमाने चालतात."

या सगळ्याला वर्तमानपत्रांत 'नवे वारे' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. फर्म हेच मुळात फोर्टाचं खूळ. तालुक्याला जा. तिथला वकील कायमच स्वतःचं काहीतरी करत आलेला आहे. सकाळी शेतावर, अकराला कोर्टात, तारीख पडली की समोरच्या हॉटेलात पक्षकाराच्या पैशाने चहा, दुपारी पतसंस्थेत संचालक, संध्याकाळी नाट्यसंमेलनाच्या स्वागत समितीत. टाइमशीट विचाराल तर तोच तुम्हाला घड्याळ किती वाजलेत ते विचारील. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करायचे आणि मराठी विनोदी लेखाची वाट त्यांनीच पाडून दिली. अशिलांची तक्रार काय होती ते नोंदलेलं नाही.

टिळकांचंच बघा. १८७९ साली एलएल.बी. झाले, पण वकिली थाटली नाही. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर लॉ क्लास काढला आणि वकिलीच्या परीक्षेची पोरं शिकवली. शिवाय लातूरला जिनिंग फॅक्टरीत भागी. वृत्तपत्रं होतीच. लॉ क्लासला आणि 'मराठा'ला मदत लागली तेव्हा साताऱ्यात वकिली करत असलेल्या न. चिं. केळकरांना १८९६ साली पुण्याला बोलावून घेतलं. केळकर वकिली टाकून आले. हल्ली याला काय काय भारी नावं आहेत. तेव्हा नुसतं 'पुण्याला गेले' म्हणायचे. डॉ. आंबेडकरांनीही वकिली सांभाळून १९२५ ते १९२८ बाटलीबॉयांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्यांच्यापुढे ज्या भिंती होत्या त्यांच्याशी आमच्या पोरांच्या तक्रारींची तुलनाच नको.

आणि नव्याने फर्म सोडून घाबरलेला कुणी माझ्याकडे आला की मी त्याला गांधीजींची गोष्ट सांगतो. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली आहे. बॅरिस्टर होऊन १८९१ साली परत आले आणि मुंबईत वकिली करायला लागले. राहायचे गिरगावात, कोर्टात चालत जायचे, आणि हायकोर्टात बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. हे वाचल्यापासून मला हायकोर्टात डुलकी लागली की अपराधी वाटत नाही. पहिली केस स्मॉल कॉजेस कोर्टात, मामीबाई नावाच्या बाईंची, फी ३० रुपये. दलालाला कमिशन द्या म्हणाले, यांनी दिलं नाही. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले. ती केस ५१ रुपयांवर पटेल नावाच्या वकिलांकडे गेली. मग शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकवायची ७५ रुपयांची जाहिरात बघून अर्ज केला. शाळेने नाकारलं, कारण पदवीधर नव्हते. शेवटी राजकोटला जाऊन अर्ज-विनंत्यांचे मसुदे लिहायला लागले, तर महिन्याला सरासरी ३०० रुपये सुटायला लागले. कोर्टात उभं न राहता, घरी बसून, ड्राफ्टिंग. संगमेश्वरवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की पेटी पाठवीन म्हणाला. अजून आलेली नाही. कारभारात स्वतः लक्ष घालत नाही ना.

तर मॅडम. पाटी शेवटी झाली, वीतभर, नुसत्या नावाची. ती दाराला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले की निवासी जागेत दुकान चालवता येणार नाही. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की वकिलाचं ऑफिस हे दुकान नव्हे, व्यापारी आस्थापनाही नव्हे, सुप्रीम कोर्टाने १९८४ सालीच सांगितलंय. सेक्रेटरींनी निकालाची प्रत मागून घेतली. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "आता आलोच आहे तर एक विचारायचं होतं. आपल्या डीम्ड कन्व्हेयन्सचं काय करावं?"

तिथून जे सुरू झालं ते सुरूच आहे. कन्व्हेयन्स झालं. तळमजल्यावरच्यांचं बक्षीसपत्र झालं. कुलकर्ण्यांचं मृत्युपत्र झालं, त्यात तर त्यांनी दर महिन्याला बदल केले. म्हणजे 'शॅल'चं 'विल' टाकून ती आली होती, इथेही नशिबी विलच. सगळे 'आपलेच' असल्यामुळे फीचा विषय कुणी काढीना. वार्षिक सभेत तिचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळाची बर्फी तिच्या आईने मलाही दिली. शेवटी बाबांनीच मनावर घेतलं. बँकेतला माणूस. जिन्यात कुणी गाठून "जाता जाता एक विचारू?" म्हटलं की ते मागून शांतपणे सांगतात, "विचारा की. पहिली सहा मिनिटं फुकट."

आणि मी? मी निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं सकाळी फिरायला जावं, दुपारी पेपर वाचावा. पण फर्ममधून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या लक्षात महिन्याभरात एकच गोष्ट यायची. फर्म सोडली, बॉस सुटला, टाइमशीट सुटलं, पण ऑब्जेक्शनं काढणार कोण? ई-फायलिंग आलं तरी प्रमाणित प्रत हातात पडायला खिडकीशी माणूस उभा करावाच लागतो. आज माझ्याकडे असे सहा वकील आहेत. सहाही जण मोकळे, स्वतःचे मालक, आणि सकाळी साडेनऊला सहांचेही फोन, "काका, आज हायकोर्टात आहात ना?"

गेल्या महिन्यात मॅडमनी मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण आता कामं वाढलीत. कुठे किती वेळ जातो ते जरा भरत जा." उघडून बघतो तर सहा-सहा मिनिटांचे चौकोन. मी चष्मा लावून पहिल्याच दिवशी भरलं. 'हायकोर्टाचा जिना : ७ युनिटं.' संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "काका, हा जिना कुठल्या क्लायंटला लावू?"

तेव्हा मी जिन्यातच होतो, सहा जणांचे कागद काखेत घेऊन. या वेळी मात्र वाटण्या केल्या नाहीत. साती युनिटं सहांनाही लावली.